लांब फेकीची बॅटरी

बाईमाणसाला बॅटरीतलं काय कळतं, असं कुणी म्हणलं की माझ्या डोक्यात तिडीकच जाती. आमच्या पिशोरकडं रानात वस्ती करून राहणाऱ्या माणसाला बाकी काय कळो ना कळो, बॅटरीतलं कळतं. डोंगर जवळ हाय. बिबट्या फिरतो, रानडुकरं तर घरच्यावाणी येत्यात, आन लाइट कवा येईल आन कवा जाईल ते देवाला ठावं. बॅटरी हातात नसली तर अंधार पडल्यावर कुणी अंगणाच्या भाईर पाय टाकत नाय. मी चष्मा इसरंल, गोळी इसरंल, बॅटरी इसरायची नाय.

पण ह्या वयात मी बॅटऱ्या घेत सुटले ते बिबट्यापायी नाय. सुटले भागीपायी.

भागी म्हंजी भागूबाई, माझी धाकटी जाऊ. मी सरूबाई, थोरली. माझा मालक पुंजाराम, तिचा मालक सांडू, दोघं सख्खे भाऊ. ओढ्याच्या अल्याड माझी वस्ती, पल्याड तिची. मधी दोन शेतं, ओढा, आन आमचा अबोला. अबोला इतका जुना की पोरंसोरं तो धरूनच जन्माला आली.

झालं काय, वाटणीच्या दिवशी रान वाटलं, बैलं वाटली, तांब्या-पितळंची भांडी वाटली, कुणाचं काय बिनसलं नाय. शेवटाला सासूचा पाटा-वरवंटा राह्यला. मी म्हणलं माझा, ती म्हणली माझा. पंच तरी काय शहाणे! त्यांची जेवायची येळ झालती. त्यांनी पाटा मला दिला आन वरवंटा तिला. आता सांगा, नुसत्या पाट्याचं मी काय करू, डोक्यात घालू? त्यावरून तिनं माझं माहेर काढलं, मी तिचं काढलं, आन तवा जी तोंडं फिरली ती फिरली. एका पंगतीत समोरासमोर बसलो तरी बोललो नाय. सांडूभावजी वारले तवा मी तिच्या गळ्यात पडून रडले, तिनं बी मला गच्च धरलं, पण शब्द काय बोललो नाय. रडणं येगळं, बोलणं येगळं.

भावाभावांचं मात्र बिनसलं न्हवतं. तवा काय फोन न्हवते. त्यांनी आपसांत ठरवलं की दिवेलागणीला एकानं बॅटरी तीनदा मारायची आन दुसऱ्यानं तीनदा मारून जाब द्यायचा. म्हंजी सगळं ठीक हाय. जाब नाय आला तर उठून बगायला जायचं. सांडूभावजी गेले आन पंधरा-एक दिवस तिकडं अंधारच व्हता. माझा मालक रोज अंगणात उभा राहून बगायचा आन आत यायचा. मंग एका सांजेला तिकडून तीनदा उजेड आला. भागीनं मारलेला. मालकानं जाब दिला आन आत येऊन डोळे पुसले. मी तोंड फिरवून भाकरी थापत बसले, मला काय त्याचं!

मंग माझा मालक बी गेला. दिवस झाले, पाव्हणे पांगले, माझी लेक द्वारकी तिच्या घरी संभाजीनगरला गेली, आन मी त्या वस्तीवर पहिल्यांदा एकली उरले. तिन्हीसांजेला मला घर खायला उठलं. मी खुंटीवरची मालकाची बॅटरी काढली, अंगणात गेले, आन ओढ्याकडं तोंड करून तीनदा बटन दाबलं. मनात म्हणलं, नाय दिला जाब तर? पण आला. एकदा, दोनदा, तीनदा.

तवापासनं रोज. तिचा पोरगा बी बायकोपोरं घिऊन संभाजीनगरला, म्हंजी ती बी तिकडं एकलीच. आम्ही काय ठरवलं न्हवतं, ठरवायला बोलावं लागतं. दिवसभर माझ्याशी बोलायला कोण हाय? म्हशीशी मी बोलते, म्हैस काय बोलत नाय. द्वारकीचा फोन येतो, जेवलीस का, गोळी घेतलीस का, की संपला. पण तिन्हीसांजेचा तो उजेड आला की मला वाटायचं, हाय बाबा, आपलं बी कुणीतरी हाय. तो बगितल्याबिगर मी भाकर मोडत न्हवते. आन त्याच बाईचं तोंड बाजारात दिसलं की मी रस्ता बदलायची, हे बी खरंच हाय. काय करता, सोभाव!

ह्या दिवाळीनंतर मालकाची ती जुनी स्टीलची बॅटरी मेली. आतले सेल पाझरले आन सगळं हिरवं-पांढरं होऊन बसलं. मी पिशोरच्या बाजारातून एक चार्जिंगची घेतली, पिलास्टिकची, लाल रंगाची. तिला बाजूनं बी दिवा व्हता. उजेड म्हणाल तर अंगणभर, पण सगळा पायाशी सांडायचा. समोर बांधावरची बाभळ दिसायची, तिच्या पुढं काय नाय.

आन त्याच सुमाराला भागीचा जाब बंद झाला.

पहिल्या सांजेला म्हणलं, गेली आसंल कुठं गावात. दुसऱ्या सांजेला बी तिकडं अंधारच. रात्रभर डोळ्याला डोळा नाय. सकाळी उठून बगते तर तिच्या चुलीचा धूर निघतोय, दोरीवर लुगडं वाळतंय. म्हंजी बाई जिती हाय, धडधाकट हाय. फक्त जाब देत नाय. तिचं रान बटईनं करणारा फकिरा बांधावर दिसला तवा मी सहज म्हणून इचारलं, "काय रं, तुझ्या मालकिनीचं बरं हाय ना?" तो म्हणला, "बरं हाय की. पाय दुखत्यात म्हणती, घराच्या भाईर निघत नाय जास्त." पाय दुखत्यात! बॅटरीचं बटन काय पायानं दाबायचंय?

आता तुम्ही म्हणाल, ओढा उतरून जायचं व्हतं बगायला. व्हय, भाऊ गेले असते. पण मी कशी जाऊ? गेले आन ती दारात उभी राहून नुसतं बगत राह्यली तर? मला तिथं मरण आलं असतं. त्यापरीस मी माझ्या मनाची समजूत घातली. म्हणलं, दोष ह्या लाल भिकार बॅटरीचा हाय. हिचा उजेड तिच्यापर्यंत पोचतच नाय. तिला वाटत आसंल, थोरलीनंच बंद केलं, आपण कशाला दाखवा? तिचा बी सोभाव माझ्यापरीस काय कमी नाय. मोठ्या झोताची बॅटरी आणली की झालं. ही समजूत मला लई पटली, कारण दुसरी गोष्ट इचारात घ्यायची माझी छाती न्हवती. दुसरी गोष्ट म्हंजी तिनं हे बी तोडलं.

म्हशीला फकिराच्या बायकोच्या हवाली केलं आन एसटीनं संभाजीनगरला गेले. द्वारकी तिथंच हर्सूलला राहती. तिला घेतलं आन क्रांती चौकाच्या अलीकडं एक बॅटऱ्यांचं दुकान हाय तिथं गेले. दुकानदार दाढीवाला चाचा, तोंडात पान, बोलायला एकदम गोड. काचंवर त्यानं दोन बॅटऱ्या मांडल्या. एक मोठ्या तोंडाची, वरातीतल्या भोंग्यासारखी. दुसरी बारकी, तिचं तोंड पुढं-मागं सरकायचं.

"ये लेव अम्मा," तो मोठ्या तोंडाचीवर टिचकी मारून म्हणला, "दो किलोमीटर मारती."

"कुणाच्या दोन किलोमीटरनं?" मी म्हणलं.

"डब्बे पे लिखेला है ना अम्मा."

"डब्यावर काय बी लिवतील. लावून दाखव."

त्यानं दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत नेलं आन भिंतीवर झोत टाकला. मला हसूच आलं. "अरं बाबा, भिंत चार हातावर हाय. इथं तर काडेपेटीची काडी बी पोचती."

चाचाला बी हसू फुटलं. "अम्मा, वकील हो क्या? मेरेको ये बोलो, देखना क्या है? सूअर? चोर?"

"जाऊ," मी म्हणलं.

"क्या?"

"माझी जाऊ हाय ओढ्यापल्याड. तिच्यापर्यंत उजेड गेला पायजे."

त्यानं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं आन द्वारकीकडं बगितलं. द्वारकी लाजून चूर. मंग तो म्हणला, अम्मा, दोन्ही घेऊन जा, शेतात लावून बगा, जी आवडंल ती ठेवा, दुसरी लेकीच्या हाती परत पाठवा. माणूस भला व्हता. मी त्याला उगाच बोलले, पण बोलल्याबिगर मला वस्तू घेतल्यासारखी वाटत नाय.

सांजेला द्वारकीच्या गच्चीवर मी दोन्ही लावून बगितल्या. काय कळावं? खाली रस्त्याचे दिवे, समोर बिल्डिंगा, पाटीपाटीवर उजेड, गाड्यांचे डोळे. माझा झोत हातभर गेला की त्या सगळ्यात इरून जायचा. सरकत्या तोंडाचीनं मी समोरच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरला तर कुणीतरी खिडकीतून वरडलं, "ओ काकू, डोळ्यात काय मारता?" मी खाली वाकले. मंग हर्सूलच्या तलावाकडं जरा काळोख व्हता, तिकडं तोंड करून उगीच आपलं तीनदा बटन दाबलं. हजारो दिवे लागले व्हते त्या शहरात. माझ्यासाठी त्यातला एक बी न्हवता. मला एवढं एकटं माझ्या रानात बी कवा वाटलं न्हवतं.

द्वारकी मागं येऊन उभी राह्यली. म्हणली, "आई, फोन लाव ना काकूला. नंबर आहे माझ्याकडं."

"तुला कुणी सांगितलं मला तिच्याशी बोलायचंय म्हणून?"

"मग बॅटऱ्या कशाला घेतल्यास?"

"डुकरं येत्यात," मी म्हणलं.

"बरं. मग इथंच राहा. आता कशाला पाहिजे ती वस्ती? एकटी पडलीस तिथं."

"मी एकटी नाय," मी एकदम वरडले. मला मागून लई वाईट वाटलं, पण सकाळच्या पहिल्या गाडीनं मी परत आले.

मंग रोज सांजेला माझा उद्योग सुरू झाला. गुरांच्या हौदाच्या कट्ट्यावर तिन्ही बॅटऱ्या मांडायच्या आन एकेक लावून बगायची. खुणा ठरलेल्या. पहिली बांधावरची बाभळ, मंग लाइटचा डांब, त्याच्या पुढं ओढ्याची कड, आन सगळ्यात शेवटी भागीच्या घराचे पत्रे. लाल पिलास्टिकची बाभळीपाशीच मरायची. सरकत्या तोंडाचीचं तोंड पुढं ओढलं की उजेड गोल राहत न्हवता, चौकोनी व्हायचा, शाळंतल्या पाटीएवढा. डांबापर्यंत तो चौकोन सरळ जायचा, डांबावरचा नंबर बी दिसायचा. पण जरा येळ लावून ठिवली की तिचा जोर उतरायचा. सुरुवातीला पैलवान, मंग आजारी. मोठ्या तोंडाची तशी न्हवती. तिचा झोत बारीक, पण ओढा ओलांडून जायचा. एकच अडचण, हात जरा हालला की पल्याड उजेड एका शेतातून दुसऱ्या शेतात उडी मारायचा. मी ती कट्ट्यावर टेकवून धरायला शिकले. कुठं बी मारली मी ती. ओढ्याच्या कडंवर, लिंबावर, तिच्या कडब्याच्या गंजीवर. फक्त तिच्या घरावर मारली नाय. जीव व्हत न्हवता. घरावर उजेड पडला आन तरी जाब नाय आला, म्हंजी संपलंच ना सगळं. आज नगं, उद्या बगू, असं करत मी दिवस ढकलत व्हते.

त्यातल्याच एका सांजेला फकिरा अल्याडच्या एका रानात तुरी झोडपून उशिरा घरी निघाला व्हता, तो माझ्या अंगणातून गेला. कट्ट्यावरचा माझा बाजार बगून थांबला.

"मावशे, एवढ्या बॅटऱ्या?"

"तुला काय करायचंय? लांब कोणती जाती ते बगते."

"लांबचं बगायला मोठ्या तोंडाचीच बरी," तो म्हणला. "नुसतं दाखवायला काय, कोणची बी चालती. तुमची ही लाल रोज दिसती की आमच्या घरून. तिन्हीसांजेला तीनदा लागती न्हवं? आमचं घर तर भागूमावशीच्या बी पल्याड हाय."

मी म्हणलं, "काय दिसती?"

"उजेड. ठिपक्यावाणी, पण सपष्ट. अंधारात बिडीचा इस्तू बी दिसतो मावशे, त्याला काय झोत लागतो व्हय?"

तो गेला. एवढी साधी गोष्ट! आपल्याला पल्याडचं बगायचं आसंल तर उजेड तिथवर जावा लागतो. पल्याडच्याला आपला दिवा दिसायला मात्र तो नुसता लागलेला असला की पुरं. आख्खा जन्म रानात काढला आन हे मला उमगू नये? उमगलं न्हवतं असं बी नाय. मला ते उमगून घ्यायचंच न्हवतं. लाल बॅटरीचा दोष न्हवता. पहिल्या सांजेपासनं भागीला माझा उजेड रोज दिसत व्हता, आन रोज बगून ती गप्प बसत व्हती.

मला रडू नाय आलं, राग आला. असा राग की कान तापले. म्हणलं, भवाने, मी तुझ्यापायी शहर पालथं घातलं, लेकीवर वरडले, ह्या थंडीत कट्ट्यावर गारठत बसले, आन तू वसरीवर बसून मजा बगती? तोडायचं व्हतं तर दारात येऊन शिवी द्यायची व्हती. असं मुक्यानं मारायचं? मी मोठ्या तोंडाची उचलली, कट्ट्यावर टेकवली, आन म्हणलं, घे आता तुझ्या डोळ्यातच घालते. बगू कशी गप्प बसती.

झोत ओढ्यावरून गेला. कडब्याची गंजी, लिंबाचं खोड, पांढरी भिंत. मंग वसरी. भागी वसरीवर बसलेली व्हती, तोंड बरोबर माझ्याकडं. उजेड पडला तो थेट तिच्या तोंडावर. डोळ्यात उजेड गेला की माणूस हात आडवा धरतं, मान फिरवतं, चार शिव्या देतं. ती हालली नाय. नुसती पुढं बगत व्हती. आन तिचा उजवा हात समोर ताठ धरलेला, माझ्या दिशेनं. हातात काहीतरी व्हतं.

माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाय. मी बॅटरी घेतली आन चालायला लागले. ओढ्यात पाणी घोट्याएवढंच व्हतं, पण गार लई. चपला हातात घ्यायचं बी सुचलं नाय. तिच्या अंगणात पाय ठिवला. वाटणीनंतर मी त्या अंगणात एकदाच आलते, सांडूभावजी गेले तवा.

ती तशीच बसलेली. मी जवळ गेले तवा मला आवाज आला. टक. टक. टक. थोडी थांबली, मंग परत टक, टक, टक. तिच्या हातात बॅटरी व्हती आन ती अंगठ्यानं बटन दाबत व्हती. बॅटरी लागत न्हवती. तिच्यात जीवच न्हवता. आन ते तिला ठाऊक न्हवतं.

माझ्या पायाखाली पाचोळा वाजला. तिनं मान वर केली.

"कोण हाय?"

इतक्या वर्सांची सवय, तोंडच उघडंना. मी काय केलं, बॅटरी उलटी धरली आन उजेड माझ्याच तोंडावर मारला. मनातल्या मनात म्हणलं, बग ना गं, बग, मी हाय.

"फकिरा, तू हायस व्हय? बोल की रं," ती म्हणली. तिचा आवाज घाबरलेला. हात काठी शोधत व्हता. काठी शेजारीच भिंतीला टेकलेली, आन हात दुसरीकडंच चाचपडत व्हता. "कोण हाय वो? बोला की काहीतरी."

"मी हाय, भागे," मी म्हणलं.

हात थांबला. मंग हळूच म्हणली, "थोरल्या बाई?"

"व्हय."

"का आलात? मी तर आत्ताच दाखवली की." तिनं हातातली बॅटरी पुढं केली. "दिसली नाय व्हय?"

मी त्या मेलेल्या बॅटरीकडं बगितलं. "दिसली," मी म्हणलं. "रोज दिसती."

"मंग?"

"मंग काय मंग! आले. येऊ नाय का?"

"या की, या," ती म्हणली आन घाईघाईनं बाजूला सरकली, जशी काय वसरी भरलेलीच हाय. "बसा. खाली गार आसंल, पोतं घ्या."

मी बसले. तिच्या तोंडासमोर हात हालवला. काय नाय. इचारलं, "कवापासनं?"

"दसऱ्याच्या मागं-पुढं धुकट झालं. मंग माणसं जाऊ लागली. तुमचा उजेड तेवढा लई दिवस कळायचा, ठिपका ठिपका. मंग त्यो बी गेला. आता पाखरं लिंबावर यायला लागली की मी अंदाजानं दाखवते."

"आन पोराला सांगितलं नाय तू?"

"नाय."

"फकिराला?"

"त्याला सांगितलं की पोराला कळतंय."

"काय डोकं फिरलंय का तुझं! इहीर उघडी हाय अंगणात, चूल पेटवती, जनावर फिरतं रानात. डोळ्याचं ऑपरेशन व्हतं आता, लोकं दुसऱ्या दिवशी घरी येत्यात. न्हाय तर पोराकडं जाऊन राहायचं, सून हाय, नातवंडं हायत..."

"हळू बोला वो," ती म्हणली, जशी काय तिथं कुणी ऐकणारं व्हतं. तिनं चाचपून माझं मनगट धरलं. "तुमी बी सांगू नका. पोराला कळलं की तो त्याच दिवशी गाडी घिऊन येतो आन मला संभाजीनगरला नेतो. एकदा नेलं की परत आणत नाय. मंग तिन्हीसांजेला इथनं तुमाला कोण दाखवील? तुमी एकल्याच की तिकडं."

मला रडू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी आवाज आवरंना. ती माझं मनगट सोडीना, आन मला हालवून हालवून इचारत राह्यली, "काय झालं? काय झालं वो थोरल्या बाई?"